सगळ्यांचा भाव एकच कसा?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. आमच्या जामसंड्यात या दिवसांत कुणाला बसायलाही फुरसत नसते. पेटीचा आंबा संपत आलेला, आभाळ भरून येऊ लागलेलं आणि कलमांवर राहिलेला आंबा मिरगाआधी उतरवायची घाई. हा आंबा मुंबईला जात नाही. बारका, डागी, फार दिवस न टिकणारा... तो क्रेट भरभरून रस्त्यावरच्या काट्यावर जातो, कॅनिंगला. पण मैत्रिणींनो, खरं सांगू? वर्षाचा हिशेब जुळतो की नाही, हे या शेवटच्या आंब्यावरच ठरतं. खत, फवारणी, राखणदार, पेट्या, गाडीभाडं... सगळं पेटीच्या आंब्यातून भागतं. घरात जे चार पैसे उरतात ते कॅनिंगचे. त्यातूनच लेकीची कॉलेजची फी जायची होती.

त्या सकाळी आमचे हे टेम्पो घेऊन गेले आणि तासाभरात तसेच परत आले. पहिल्या काट्यावर कालच्यापेक्षा किलोमागे चार रुपये कमी. म्हणून पुढच्या काट्यावर गेले, तिथेही तेवढाच भाव. तिसऱ्याकडे, तोच. एक पैसा इकडे नाही की तिकडे नाही. सासूबाई खळ्यात आंबे निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "सगळ्यांचो भाव एकच? रात्री एकाच ताटात जेवले काय रे हे?"

आम्ही हसलो. आंबा मात्र त्याच भावात घालावा लागला. ठेवून करणार काय? दोन दिवसांत पाणी सुटलं असतं.

संध्याकाळी लेकीला फोनवर हे सांगितलं. ती कोल्हापूरला बी.कॉम. करते. ती चटकन म्हणाली, "आई, आजी जे बोलली ना, त्याला कायदा आहे. स्पर्धा कायदा. आणि तो राबवायला दिल्लीत आयोगही आहे." मी म्हटलं, स्पर्धा म्हणजे रांगोळीची नाहीतर पाककलेची! दिल्लीतला आयोग आमच्या काट्यावर कशाला येतोय? पण विषय डोक्यातून जाईना. मग तिच्याकडून पुस्तकं मागवली, जुनी कात्रणं वाचली. जे कळलं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आपण मासे घ्यायला जातो तेव्हा काय करतो? बांगड्याचा भाव विचारतो, नाक मुरडतो आणि पुढच्या पाटीकडे वळतो. चार पावलं गेलो की पाठून हाक येते, "ये गो बाय, घेऊन जा!" ही हाक म्हणजेच स्पर्धा. पण सगळ्या पाट्यांनी सकाळीच आपसात भाव बांधून घेतला तर? मग कितीही वळा, हाक येणार नाही. खुल्या बाजारात गिऱ्हाइकाच्या हातात एवढी एकच ताकद असते, पुढच्या पाटीकडे वळण्याची. तीच या कायद्याने राखायची आहे. आणि तो विकणाऱ्यांना लागू आहे तसाच मिळून भाव पाडणाऱ्या खरेदीदारांनाही लागू आहे.

आपल्याकडे पूर्वी १९६९ चा मक्तेदारीविरोधी कायदा होता, एमआरटीपी नावाचा. त्याखाली आयोगही होता. पण त्या आयोगाला दंड ठोठावता येत नव्हता. चूक सापडली की 'असं करू नका' असा हुकूम. म्हणजे शेजारच्या गुराने परसू खाऊन टाकला आणि आपण नुसतं 'हाड् हाड्' केलं, त्यातली गत! १९९१ नंतर बाजार खुला झाला तेव्हा हे पुरेनासं झालं. मग २००२ चा स्पर्धा कायदा आला आणि ऑक्टोबर २००३ मध्ये भारतीय स्पर्धा आयोग स्थापन झाला. पण आयोगाची रचना कशी असावी यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि संगनमत रोखण्याची कलमं प्रत्यक्ष लागू झाली २० मे २००९ रोजी. कार्यालय उघडल्यावर अधिकार हातात यायला साडेपाच वर्षं!

पण या आयोगाला दात होते. भाव बांधून घेणं, माल मुद्दाम कमी काढणं, गिऱ्हाइकं किंवा गावं वाटून घेणं, टेंडरमध्ये साटंलोटं करणं, ही चार पापं. उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत किंवा संगनमतातून कमावलेल्या नफ्याच्या तिप्पट दंडाची तरतूद झाली. करार कागदावरच हवा असंही नाही. तोंडी समजूतही पुरते.

आता आपल्या शेजारची गोष्ट ऐका. गोव्यातली. तिथे औषधविक्रेत्यांची संघटना होती. एखाद्याला औषध कंपनीचा स्टॉकिस्ट व्हायचं असेल तर या संघटनेचं ना हरकत पत्र लागायचं. कायद्यात असं पत्र कुठेच नाही, पण ते नसेल तर माल मिळायचा नाही. वार्का ड्रगिस्ट अँड केमिस्ट नावाची पेढी आणि आणखी काही जणांनी तक्रार केली, ती जुन्या एमआरटीपी आयोगाकडे. तो आयोग बंद झाल्यावर प्रकरण नव्या आयोगाकडे आलं. जून २०१२ मध्ये निकाल लागला. संघटनेला दोन लाखांचा दंड आणि हे बंद करण्याचा आदेश. पुन्हा तसाच प्रकार दिसला, तेव्हा आयोगाने आपणहून दखल घेतली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये दंड दहा लाखांवर नेला.

औषधाच्या दुकानात आपण कधी घासाघीस करतो का? सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेताना मी तरी करत नाही. दुकानदार देतो त्या भावाला घेते. पण माल कुणी विकायचा आणि नवीन माणसाला धंद्यात येऊ द्यायचं की नाही, हे बंद दाराआड ठरत असेल तर शेवटी त्याचा भार गोळी घेणाऱ्यावरच पडणार ना?

दुसरी गोष्ट पुण्याची. महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या टेंडरमध्ये गडबड दिसली म्हणून तिथल्या नागरिक चेतना मंच या नागरिकांच्या संस्थेने आयोगाचं दार ठोठावलं. चौकशीत निघालं, की वेगवेगळी दिसणारी टेंडरं प्रत्यक्षात एकमेकांच्या सोयीसाठी भरलेली होती. स्पर्धा नुसती दाखवायला! मे २०१८ मध्ये आयोगाने दंड केले. काही कंपन्यांनी आधीच कबुली दिली म्हणून त्यांना सूट मिळाली. कायद्यातली ही मोठी युक्ती आहे. संगनमत करणाऱ्यांपैकी जो आधी येऊन खरं सांगेल त्याचा दंड कमी. त्यामुळे टोळीतल्या प्रत्येकाला धाकधूक, बाकीचा आधी जाऊन बोलला तर?

तक्रार करणारे मोठे कारखानदारच असायला हवेत असं नाही, हे यातून मला कळलं. कुणीही व्यक्ती, ग्राहक संघटना, संस्था ठरलेली फी भरून आयोगाला माहिती देऊ शकते. आयोगाला प्रथमदर्शनी तथ्य वाटलं तर त्याचे महासंचालक चौकशी करतात.

मग आम्ही तक्रार केली का? नाही. एक कारण म्हणजे, नुसता भाव सारखा असणं हा गुन्हा नव्हे. मे अखेर आंबा एकदम येतो, सगळ्या कारखान्यांचा माल भरत आलेला असतो. भाव आपोआपही पडू शकतो, एकाने उतरवला की दुसरा बघून उतरवतो. आधी ठरवून उतरवला, हे दाखवावं लागतं. निरोप, बैठका, हिशेब, काहीतरी धागा लागतो. सिमेंटचंच बघा ना. जून २०१२ मध्ये आयोगाने अकरा सिमेंट कंपन्यांना मिळून सहा हजार कोटींहून अधिक दंड केला. तिथे आयोगाने भाव सारखे एवढंच पाहिलं नव्हतं, तर कंपन्यांच्या संघटनेच्या बैठका आणि कारखान्याची ताकद असून कमी काढलेला माल हेही पाहिलं होतं. आमच्याकडे होतं काय? सासूबाईंचं एक वाक्य!

आणि दुसरं कारण सिमेंटच्या गोष्टीतच आहे. तो आदेश २०१५ मध्ये अपिलात रद्द झाला, कारण सुनावणीच्या रीतीत चूक होती. २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा ऐकून पुन्हा दंड केला. २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो उचलून धरला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दरम्यान किती जणींनी घरं बांधली असतील, महाग पोती घेऊन!

म्हणून नुसता आयोग असून भागत नाही, तो भक्कम असावा लागतो. भक्कम म्हणजे काय? आधी माणसं तरी पुरी हवीत. २०१८ मध्ये सरकारने आयोगाच्या सदस्यांची संख्या सहावरून तीन करायचं ठरवलं, अध्यक्ष वेगळे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अध्यक्ष निवृत्त झाले आणि निर्णयाला लागणारी तीन माणसंही उरली नाहीत. आपल्या बचत गटाची सभा कोरमअभावी तहकूब होते ना, तसं देशाच्या स्पर्धा आयोगाचं झालं. मे २०२३ मध्ये रवनीत कौर यांची अध्यक्षपदी नेमणूक झाली. या पदावर पूर्णवेळ आलेल्या त्या पहिल्या महिला. अभिमान वाटला, पण जागा सात महिने रिकामी राहावी याचं वाईटही वाटलं.

त्याच वर्षी कायद्यात बदल झाले. दंडाविरुद्ध अपील करायचं तर आता आधी पाव रक्कम भरावी लागते. स्वतः तो धंदा न करता संगनमत जुळवून देणारा मधला माणूसही आता जबाबदार धरता येतो. दंड मोजताना कंपनीची जगभरची उलाढाल धरता येते. मात्र आपणही जागं राहायला हवं, कारण झाल्या गोष्टीची माहिती तीन वर्षांच्या आत द्यावी लागते.

हे सगळं मी आमच्या बचत गटात सांगितलं. लगेच एक वयनी म्हणाल्या, "मग आपणच सगळ्या बागायतदारांनी भाव ठरवूया की! अमुकच्या खाली कोणी घालायचा नाही." टाळ्या पडल्या. मीही वाजवणार होते... पण हात थांबला. ते आपसात भाव बांधतात ते पाप, आणि आम्ही बांधला तर पुण्य? एका सहकारी संस्थेतून माल गोळा करणं, मिळून रस काढणं, एका नावाने विकणं वेगळं. त्यात सगळ्यांचे कष्ट एकत्र येतात. आणि वेगवेगळं विकणाऱ्यांनी गुपचूप भाव बांधून घेणं वेगळं. पहिला सहकार, दुसरं कारस्थान. कायद्याची नजर शेतकऱ्यालाही वगळत नाही.

आणि हात थांबायला आणखी एक कारण होतं. ते लिहायला जड जातंय. आदल्या वर्षी उन्हाळ्यात पर्यटकांसाठी आम्ही आंबापोळी आणि कोकम सरबताची टेबलं मांडली होती. पाच जणींनी मिळून आंबापोळीचा भाव ठरवला होता. एक नवी मुलगी आली, नवरा नुकताच गेलेला, पदरात लहान मूल. ती दहा रुपये कमी घ्यायची. तिची आंबापोळी दुपारपर्यंत संपायची. आम्ही तिला बाजूला घेऊन सांगितलं, "भाव पाडू नको गो, सगळ्यांचं नुकसान होतं." तिने ऐकलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तिच्यासाठी टेबल 'शिल्लक नव्हतं'. ते सांगायला गेलेली मीच होते.

त्या मुलीला कुठलाही आयोग न्याय द्यायला येणार नव्हता. आमचं टेबल त्याच्या नजरेला दिसण्याएवढं मोठं नाही. पण गोव्याच्या त्या ना हरकत पत्रात आणि आमच्या 'शिल्लक नसलेल्या' टेबलात फरक किती? आकड्यांचाच ना?

या वर्षी गटाच्या पहिल्या सभेत मी हे बोलून दाखवलं. थोडा वेळ सगळ्या गप्प होत्या. मग ठरलं, की जो येईल त्याला टेबल मिळेल आणि भाव ज्याचा त्याने लावायचा. मी स्वतः तिच्या घरी गेले. ती लगेच हो म्हणाली नाही. "बघते, वयनी," एवढंच म्हणाली. पण एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी आली, मुलाला कडेवर घेऊन. तिचा भाव अजूनही आमच्यापेक्षा कमी आहे. म्हणून मग मीही साखर कमी आणि रस जास्त घालून पोळी करायला लागले. गिऱ्हाईक थांबतं.

कॅनिंगच्या काट्याचं म्हणाल तर या वर्षी आमचे हे रोज वहीत लिहून ठेवतात. तारीख, काटा, भाव आणि कुणी काय सांगितलं ते. सासूबाई चष्मा लावून ती वही बघतात आणि म्हणतात, "लिवून ठेय रे. एक दिवस लागात."