नगरपंचायतीत मत नाही, पण पैसा आपलाही जातो. सभेत काय ठरतं ते समजून घ्या

गुरुवारचा आठवडी बाजार. मेथीच्या जुड्या आणि दोन कॅरेट वांगी घेऊन सकाळी सातलाच तालुक्याला पोहोचलो होतो. पोतं अंथरून माल मांडला न मांडला तोच वसुलीचा पोरगा समोर उभा. "चाळीस रुपये काढा." मी म्हणालो, "पावती दे." तो म्हणाला, "पावतीबिवती नाही, कायम असंच चालतं." शेजारी बसलेल्या मावशींनी कमरेची पिशवी सोडून गुपचूप चाळीस रुपये दिले. मीही दिले. माल मांडलेला, गिऱ्हाईक समोर, वाद कोण घालणार?

पण घरी येताना डोक्यात एकच घोळत होतं. हे चाळीस रुपये ठरवले कोणी? कुठं ठरले? बातम्या देण्याच्या निमित्तानं नगरपंचायतीत येणं-जाणं असतं, म्हणून मागे लागलो. महिनाभरात कागद हातात आला. पालेभाजी विकणाऱ्या शेतकऱ्यासाठी मंजूर दर होता २० रुपये, आणि पावती देणं ठेकेदारावर बंधनकारक होतं. हा दर नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेत ठरावानं मंजूर झालेला होता. तो ठराव आम्हा बाजारकरूंपैकी एकानंही पाहिलेला नव्हता.

म्हणून हा लेख. आपण खेड्यातली माणसं. नगरपंचायत म्हणजे तालुक्याच्या गावच्या लोकांचं काम, आपला काय संबंध, असं आपल्याला वाटतं. पण आपला बाजार तिथं, दवाखाना तिथं, बसस्टँड तिथं, पोरांचं कॉलेज तिथं. तिथं आपल्याला मत नाही, पण खिसा आपलाही रिकामा होतो.

आपल्या जिल्ह्यात कुठं काय आहे

बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई आणि धारूर इथं नगरपरिषद आहे. केज, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार आणि वडवणी इथं नगरपंचायत आहे. या पाच ठिकाणी पूर्वी आपल्यासारखीच ग्रामपंचायत होती. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा तो बदल झाला.

दोघींचा कायदा एकच, १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम. नगरपंचायतीत १७ प्रभाग आणि १७ निवडून आलेले नगरसेवक असतात. नगरपरिषदेत लोकसंख्येप्रमाणे संख्या वाढते.

ग्रामपंचायतीशी ताडून पाहिलं तर लवकर समजतं. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष, सदस्यांच्या जागी नगरसेवक, आणि ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी. मुख्याधिकारी हा सरकारचा अधिकारी, त्याची बदली होते. ठराव नगरसेवक करतात, अंमलबजावणी मुख्याधिकारी करतो.

एक मोठा फरक मात्र ध्यानात ठेवा. नगरपंचायतीला ग्रामसभा नसते. गावात आपण ग्रामसभेत उभं राहून "ही नाली कुठं गेली?" असं विचारू शकतो. शहरात तशी जागाच नाही. तिथं जे ठरतं ते नगरसेवकांच्या सभेत ठरतं. म्हणून ती सभा कशी चालते हे माहीत असलं पाहिजे.

सर्वसाधारण सभा म्हणजे काय

कायद्याप्रमाणे दोन महिन्यांतून किमान एक सर्वसाधारण सभा झाली पाहिजे. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते. मधेच काही निकडीचं असलं तर विशेष सभा लागते, तिची नोटीस तीन दिवस आधी. नोटिशीसोबत विषयपत्रिका असते. त्यात विषय क्रमांक १, २, ३ असे ओळीनं लिहिलेले असतात.

पहिला विषय बहुतेक वेळा एकच असतो, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं. इतिवृत्त म्हणजे आपण ज्याला प्रोसिडिंग म्हणतो ते. मागच्या वेळी काय ठरलं ते वाचायचं आणि बरोबर आहे म्हणून शिक्का मारायचा. पुढं रस्ता, नाली, पथदिवे, पाण्याची पाइपलाइन, घंटागाड्या, कचरा उचलण्याचा ठेका, गाळ्यांचं भाडं, बाजाराचा ठेका, जमा-खर्चाला मंजुरी असे विषय येतात. ऐकायला कंटाळवाणे, पण सगळा पैसा याच ओळींतून जातो.

प्रत्येक ठरावाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. कोणाचा विरोध नसेल तर "सर्वानुमते मंजूर" असं लिहितात. विरोध असेल तर मतदान होतं. शेवटी येतात ऐनवेळचे विषय, म्हणजे अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळी मांडलेले. विषयपत्रिकेत ते नसतात, त्यामुळं बाहेरच्या माणसाला आधी कळायला मार्ग नसतो. प्रोसिडिंग वाचताना ही शेवटची पानं आधी उघडा, असं मी अनुभवावरून सांगतो.

अंदाजपत्रकासाठी वेगळी विशेष सभा असते. ती साधारण फेब्रुवारीअखेरपर्यंत होते. पुढच्या वर्षी कर किती, फी किती, कुठल्या कामाला किती पैसे, हे त्यात येतं.

बाजाराचा ठेका कसा ठरतो

आठवडी बाजारातली वसुली नगरपंचायत बहुतेक ठिकाणी स्वतः करत नाही. आपल्याकडं तिला तहबाजारी म्हणतात, काही ठिकाणी बैठक फी. वर्षभराच्या वसुलीचा लिलाव होतो किंवा निविदा निघते. ज्याची बोली जास्त, त्याला ठेका. ठेका सहसा १ एप्रिल ते ३१ मार्च असा असतो. म्हणजे दर आणि अटींचा विषय त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत सभेपुढं येतो.

आता हिशेब बघा. ठेकेदारानं बोली फुगवून लावली तर तो पैसा काढणार कुठून? पोत्यावर बसलेल्या आपल्याकडून. दर ठरावात कागदावर राहतो आणि बाजारात तोंडी चालतो. बोर्ड नाही, पावती नाही, मग विचारणार तरी कोणाला?

मला जो करारनामा मिळाला त्यात तीन अटी साफ लिहिल्या होत्या. दरपत्रक बाजारात दिसेल असं लावायचं, छापील पावती द्यायची, मंजूर दरापेक्षा जास्त घ्यायचं नाही. अट मोडली तर दंड. कागद चांगला होता, तो कपाटात पडून होता एवढंच.

दवाखाना आणि जन्माचा दाखला

दुसरा संबंध दाखल्याचा. गावातली बाई बाळंतपणाला तालुक्याच्या दवाखान्यात जाते. मग दाखल्यासाठी बाप ग्रामपंचायतीत हेलपाटे घालतो. जन्म-मृत्यूची नोंद जिथं घटना घडली तिथं होते. बाळ शहरातल्या दवाखान्यात जन्मलं तर नोंद नगरपरिषद किंवा नगरपंचायतीकडं. मृत्यूचंही तसंच.

नोंदीची मुदत २१ दिवस. दवाखान्यात जन्म झाला तर कळवायचं काम दवाखान्याचं, पण डिस्चार्ज घेताना आईबापाची नावं बरोबर लिहिली का ते बघून घ्या. नंतर एक काना-मात्रा दुरुस्त करायला दहा चकरा होतात. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद होते. नाव १२ महिन्यांच्या आत टाकलं तर फी लागत नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत टाकता येतं.

हे आता जास्त महत्त्वाचं झालंय. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदलला. त्या तारखेनंतर जन्मलेल्या पोरांना शाळा प्रवेश, आधार, मतदार यादी, सरकारी नोकरी अशा कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे.

शहरात घर किंवा प्लॉट असेल तर

पोरांच्या शिक्षणासाठी बऱ्याच जणांनी तालुक्याला प्लॉट घेतला, दोन खोल्या टाकल्या. त्यांनी मालमत्ता कराकडं लक्ष द्यावं. कर आकारणीची फेरतपासणी चार वर्षांतून एकदा होते. तेव्हा घराची मापं घेतात, नवीन यादी लावतात आणि हरकती मागवतात. नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या. मापं चुकली असतील, भाडेकरू नसताना भाडेकरू दाखवला असेल, तर तेव्हाच सांगायचं. मुदत गेली की तीच रक्कम वर्षानुवर्षं चालते.

थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. गावाकडं राहिलो, बिल मिळालं नाही, ही सबब चालत नाही. वर्षातून एकदा जाऊन बाकी विचारून या.

मत नसलं तरी काय करता येतं

एक. नोटीस बघा. सभेची नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते. बाजाराच्या दिवशी पाच मिनिटं काढून तिकडं नजर टाका आणि मोबाईलवर फोटो काढा. सभा ऐकायला बसता येतं, फक्त मधे बोलता येत नाही.

दोन. बोलायचं ते लेखी बोला. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. साधा अर्ज लिहा, दोन प्रती करा, एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, सही घ्या. ही पोच जपून ठेवा. पुढची सगळी लढाई पोचेवर चालते.

तीन. माहितीचा अधिकार वापरा. जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी माफ. "भ्रष्टाचाराची माहिती द्या" असं लिहू नका. "अमुक तारखेच्या सभेचं इतिवृत्त, आठवडी बाजार ठेक्याचा करारनामा आणि मंजूर दरपत्रक यांच्या प्रती द्या" असं नेमकं मागा. एका पानाला २ रुपये पडतात. ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे. आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडं ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प.

चार. दाखले अडवले तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणती सेवा किती दिवसांत द्यायची याची यादी कार्यालयात लावलेली असली पाहिजे. मुदत उलटली तर त्यातही अपील करता येतं.

पाच. एखादा ठराव कायद्याच्या विरुद्ध वाटला तर जिल्हाधिकाऱ्यांकडं लेखी जा. कलम ३०८ प्रमाणे ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार त्यांना आहे. मात्र "आम्हाला पटत नाही" एवढं कारण पुरत नाही, काय चुकलं ते कागदानिशी दाखवावं लागतं.

आमच्या बाजाराचं काय झालं

करारनाम्याची प्रत हातात आल्यावर आम्ही चार गावच्या भाजीवाल्यांनी मिळून मुख्याधिकाऱ्यांना अर्ज दिला. सोबत ठराव आणि दरपत्रक जोडलं. भांडण नाही, घोषणा नाही, अर्ज आणि खाली बावीस सह्या. त्यात सात अंगठे होते.

पहिले दोन आठवडे काहीच हललं नाही. तिसऱ्या गुरुवारी बाजाराच्या तोंडाशी दराचा बोर्ड लागला. वसुलीचा पोरगा तोच, पण हातात पावती पुस्तक. "काका, वीस रुपये," म्हणाला आणि वर बघितलं नाही.

सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. एखादा नवखा माणूस बसला की अजून तीस-चाळीस मागून बघतात. आधी घेतलेले जास्तीचे पैसे कोणाला परत मिळाले नाहीत. बोर्डावरचा रंगही एका पावसाळ्यात उडेल. पण त्या मावशी आता पोतं अंथरायच्या आधी म्हणतात, "आधी पावती फाड, मग पैसे."

पुढच्या वर्षाच्या ठेक्याचा विषय सभेपुढं यायच्या आधीच यंदा आम्ही अर्ज देणार आहोत. दर वाढवायचा असेल तर बाजारात पाण्याची टाकी आणि बायकांसाठी मुतारी द्या, एवढंच त्यात मागणं आहे. दर आठवड्याला पैसे भरतो, तर एवढं मागायला मत कशाला लागतं?

— तालुका प्रतिनिधी