उपकर हवामानाच्या नावाने, पैसा तिजोरीच्या कामी

कार्बनवर थेट कर आकारणाऱ्या देशांच्या पंक्तीत भारताची गणना होत नाही. तरीही या देशात कोळशावर तशाच स्वरूपाचा एक कर तब्बल पंधरा वर्षे अस्तित्वात होता. तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी २०१०च्या अर्थसंकल्पात टनामागे ५० रुपयांचा ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ लागू केला. प्रदूषण करणाऱ्याने त्याची किंमत मोजावी आणि त्या पैशातून स्वच्छ ऊर्जेला बळ मिळावे, हा त्यामागील घोषित हेतू. त्यासाठी राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीही उभारण्यात आला.

केंद्रात सत्तांतर झाले तरी उपकराला धक्का लागला नाही. उलट अरुण जेटली यांनी २०१४ ते २०१६ या काळात तो १००, २०० आणि अखेर ४०० रुपयांवर नेला. या दुर्मिळ मतैक्याचे मर्म पर्यावरणनिष्ठेपेक्षा राज्यघटनेच्या २७०व्या अनुच्छेदात अधिक आहे. उपकराचे उत्पन्न राज्यांना वाटून द्यावे लागत नाही. ते संपूर्ण केंद्राकडे राहते.

आकडे पुरेसे बोलके आहेत. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात उपकरातून सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमा झाले. त्यांपैकी ३० हजार कोटींहूनही कमी रक्कम निधीकडे वळली आणि प्रत्यक्ष प्रकल्पांसाठी जेमतेम १६ हजार कोटी वापरले गेले.

२०१७मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा टनामागचे हे ४०० रुपये राज्यांच्या महसुली नुकसानीच्या भरपाईकडे वळविण्यात आले. स्वच्छ ऊर्जेसाठी गोळा होणारा पैसा संघराज्यातील सौदा टिकविण्याच्या कामी आला. राज्यांची नाराजी टळली, त्यामुळे फारशी ओरडही झाली नाही. हवामानासाठी भांडणारा मतदारसंघ कोणत्याच पक्षाकडे नव्हता.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी हा उपकर संपुष्टात आला आणि कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के झाला. वरकरणी ही करवाढ वाटते. हिशेब मात्र वेगळे सांगतो. टनाला १,५०० रुपये भाव असलेल्या कोळशावर पूर्वी कराचे ७५ आणि उपकराचे ४००, असे ४७५ रुपये पडत. आता २७० रुपये पडतात. याउलट ४,००० रुपये भावाच्या कोळशावरील बोजा ६०० वरून ७२० रुपयांवर गेला. म्हणजे स्वस्त, राखेचे प्रमाण जास्त असलेला हलका कोळसा सुटला आणि उच्च प्रतीचा अडकला. वीज वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने वीजकंपन्यांना कोळशावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे या कपातीने वीजनिर्मितीचा खर्च खरोखरच घटतो. वीजदराच्या राजकारणात कोणत्याही राज्य सरकारला ते हवेच असते.

ग्लासगो येथे २०२१मध्ये भारताने २०७०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द दिला. २०२२च्या ऊर्जा संवर्धन कायद्यातील दुरुस्तीने कार्बन बाजाराचा मार्ग मोकळा केला आणि २०२३मध्ये त्याची योजना अधिसूचित झाली. मात्र तिच्या पहिल्या टप्प्यासाठी निवडलेल्या उद्योगांत पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम आहेत. औष्णिक वीज नाही. त्यामुळे सर्वाधिक कोळसा जाळणाऱ्या क्षेत्रावरील जुना दर गेला आणि नवा आलेला नाही.

दरम्यान युरोपीय संघाची सीमेवरील कार्बन आकारणी १ जानेवारी २०२६पासून प्रत्यक्ष अमलात आली आहे. उत्पादक देशात भरलेली कार्बनची किंमत तीत वजा करता येते. जी किंमत दिल्ली वसूल करणार नाही, ती ब्रसेल्स वसूल करील, असा त्याचा व्यावहारिक अर्थ. उद्या देशांतर्गत बाजारातून महसूल येऊ लागला, तर तो कोणत्या खात्यात जमा होतो आणि कशावर खर्च होतो, याचा जाब संसदेला आतापासूनच विचारावा लागेल. उपकराच्या बाबतीत तो वेळेवर विचारला गेला नाही.