ज्याने आपले पुस्तक एका यंत्राला अर्पण केले

पुस्तक उघडले की सुरुवातीच्या पानांत अर्पणपत्रिका असते, हे तुम्ही पाहिले असेल. कोणी आपले पुस्तक आईवडिलांना अर्पण करतो, तर कोणी गुरूंना. १९६८ साली अमेरिकेत एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध झाले. ते मात्र लेखकाने चक्क एका यंत्राला अर्पण केले होते! महाविद्यालयात असताना ज्याच्या सहवासात आपल्या कितीतरी संध्याकाळी आनंदात गेल्या, त्या 'आयबीएम ६५०' या संगणकाला. पुस्तकाचे नाव 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग', आणि लेखकाचे नाव डोनाल्ड कनूथ.

त्यांची गोष्ट आज सांगायला एक कारण घडले. गेल्या वर्षी अकरावीचा एक विद्यार्थी प्रयोग संपल्यावर मागे रेंगाळला. म्हणाला, "सर, मला प्रोग्रॅमर व्हायचंय. घरचे म्हणतात, आता तबला बंद कर. सोडू का?" मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले आणि त्याला वाटेला लावले. ते उत्तर मला पुढे बरेच दिवस टोचत राहिले. खरे उत्तर देण्यापूर्वी आपण कनूथ यांच्या आयुष्याकडे पाहू या.

चॉकलेटचे नाव आणि साडेचार हजार शब्द

डोनाल्डचा जन्म १० जानेवारी १९३८ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी या शहरी झाला. वडील शाळेत हिशेबनीस विद्या शिकवीत, चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत आणि घराच्या तळघरात छोटासा छापखानाही चालवीत. या तिन्ही गोष्टी मुलाच्या आयुष्यात पुढे कशा उगवल्या, ते पुढे येईलच.

डोनाल्ड आठवीत असताना एका चॉकलेट कंपनीने मुलांसाठी स्पर्धा ठेवली. 'झीगलर्स जायंट बार' या इंग्रजी नावातील अक्षरे वापरून जास्तीत जास्त शब्द तयार करायचे. डोनाल्डने पोटदुखीचे निमित्त करून दोन आठवडे शाळा बुडवली आणि मोठा शब्दकोश घेऊन बसला. आता तुम्हीच विचार करा. त्या नावात 'सी' किंवा 'डी' ही अक्षरे नाहीत. मग शब्दकोशातील त्या अक्षरांची पानेच्या पाने उलटण्याची गरजच उरत नाही! परीक्षकांच्या यादीत सुमारे अडीच हजार शब्द होते. डोनाल्डने साडेचार हजार शोधले. शाळेला बक्षीस म्हणून दूरचित्रवाणी संच मिळाला.

त्याचा पहिला छापील लेखही असाच गमतीचा. विज्ञान स्पर्धेसाठी त्याने मापनाची एक नवीच पद्धती रचली. लांबीचे मूळ एकक होते 'मॅड' या विनोदी मासिकाच्या २६व्या अंकाची जाडी, म्हणजे सुमारे २.२६ मिलिमीटर. पण गंमत अशी की, ही जाडी त्याने दशांश चिन्हापुढे वीसेक अंकांपर्यंत दिली होती! प्रयोगाच्या वहीत साध्या पट्टीने मोजून दशांश चिन्हापुढे आठ अंक लिहिणाऱ्यांनी हा विनोद नीट समजून घ्यावा. जून १९५७ मध्ये 'मॅड'नेच तो लेख छापला आणि त्याला २५ डॉलर दिले.

काचेपलीकडचे लुकलुकणारे दिवे

शाळा संपल्यावर डोनाल्डपुढे दोन वाटा होत्या. एका विद्यापीठात संगीत शिकावे, किंवा क्लीव्हलँडच्या केस इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये भौतिकशास्त्र. दुसरी वाट अवघड, म्हणून त्याने तीच धरली. १९५६ साली तो तेथे दाखल झाला, पण मनात नापास होण्याची धास्ती होती. पहिले वर्षभर त्याने अभ्यासाखेरीज फारसे काही केले नाही. कलनशास्त्राच्या पुस्तकात शिक्षकांनी नेमून दिलेली उदाहरणे तर त्याने सोडवलीच, पण पुस्तकातील बाकीची सगळीही सोडवली.

खर्चाला हातभार म्हणून तो संख्याशास्त्र विभागात भोके पाडलेली कार्डे यंत्रावर लावण्याचे काम करी. तेथेच समोरच्या खोलीत, काचेपलीकडे, एक नवे यंत्र आले. त्याचे दिवे सारखे लुकलुकत. तेच आयबीएम ६५०. त्या काळी बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांना संगणकाजवळ फिरकू देत नसत. केसमध्ये मात्र त्यांना यंत्रावर स्वतः बसण्याची मुभा होती. डोनाल्डने यंत्राची माहितीपुस्तिका मिळवली. तिच्यातील नमुन्याच्या आज्ञावली, म्हणजे आपण ज्यांना प्रोग्रॅम म्हणतो त्या, वाचून त्याला वाटले, 'हे तर मी याहून चांगले लिहीन!' आत्मविश्वास मिळाला तो असा, दुसऱ्याचे बेताचे काम पाहून.

त्याची पहिली आज्ञावली संख्येचे मूळ अवयव काढणारी होती. ती पहिल्या झटक्यात मुळीच चालली नाही. चूक काढावी, तर दुसरी दिसे. यंत्रापाशी बसून, दिवे पाहत, तो एकेक चूक हुडकत गेला. पुढे त्याने फुली-गोळ्याचा खेळ खेळणारी आणि खेळता खेळता शिकत जाणारी आज्ञावलीही लिहिली.

फिरता दंडगोल

हे यंत्र होते तरी कसे? त्याची स्मृती म्हणजे एक चुंबकीय दंडगोल. तो मिनिटाला १२,५०० फेरे घेई. त्यावर ४० पट्टे होते आणि प्रत्येक पट्ट्यावर दहा अंकी ५० संख्या मावत. म्हणजे सगळी मिळून स्मृती २,००० संख्यांची! आज तुमच्या घरातील मोबाइलमध्ये टिपलेले एक साधे छायाचित्रही तिच्यात मावणार नाही.

आता थोडे गणित करू. एका फेऱ्याला ६० ÷ १२,५०० = ०.००४८ सेकंद लागतात. हवी असलेली संख्या वाचनशीर्षाखालून नुकतीच पुढे गेली असेल, तर एक पूर्ण फेरा थांबणे भाग. जत्रेतल्या पाळण्यात आपली पाळी चुकली म्हणजे पाळणा पुन्हा खाली येईपर्यंत ताटकळावे लागते ना, तसेच. समजा, आज्ञावलीत हजार पायऱ्या आहेत आणि दर पायरीला एक फेरा वाया गेला, तर ४.८ सेकंद गेले. पण पुढची आज्ञा पाचच घरे पुढे ठेवली, तर ५० पैकी पाच घरे म्हणजे दहावा हिस्सा, आणि तेच काम सुमारे अर्ध्या सेकंदात होईल.

अशी सोय त्या यंत्रात होती. प्रत्येक आज्ञा ही दहा अंकी संख्या असे. पहिले दोन अंक 'काय करायचे' ते सांगत, पुढचे चार 'कोणत्या घरातील संख्येवर' ते, आणि शेवटचे चार 'यानंतरची आज्ञा कोठे आहे' ते. आज्ञा हव्या त्या घरात ठेवता येत असल्याने त्या फेऱ्याच्या तालावर बसवणे हे आज्ञावली लिहिणाऱ्याचे कसब ठरे. एक मात्रा चुकली की पुढच्या समेपर्यंत थांबा! लहानपणापासून संगीत शिकलेल्या मुलाला हे यंत्र का आवडले असेल, याचे मला नवल वाटत नाही.

चुकलेली बस

दुसऱ्या वर्षी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वेल्डिंग करावे लागे. डोनाल्ड उंच आणि दृष्टीने अधू. त्याने जोडलेले काही टिकेना. त्याच सुमारास गणिताच्या एका प्राध्यापकांनी वर्गाला एक अवघड प्रश्न घातला. जो सोडवील त्याला पूर्ण विषयात वरची श्रेणी! सुटणार नाही, हे सगळ्यांनी गृहीतच धरले. डोनाल्ड महाविद्यालयाच्या बँडमध्ये वाजवीत असे. एके दिवशी बँडची बस चुकली, रिकामा वेळ हाती आला, म्हणून तो त्या प्रश्नाशी खेळत बसला, आणि उत्तर सापडले. त्यानंतर तो गणिताकडे वळला. आमच्या विषयाचे हे नुकसान मी मोठ्या मनाने सोसले आहे!

१९६० साली केसने त्याला पदवी आणि पदव्युत्तर पदवी एकदमच दिली. १९६३ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून तो डॉक्टरेट झाला. त्याआधीच, १९६२ मध्ये, एका प्रकाशकाने त्याला पुस्तक लिहिण्याची विनंती केली होती. १९६५ पर्यंत हस्तलिखित ३,००० पानांवर गेले, तेव्हा एका पुस्तकाचे अनेक खंड करावे लागले. पहिला खंड १९६८ चा, आणि खंड '४ बी' निघाला २०२२ साली. १९७४ साली कनूथ यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मान, ट्यूरिंग पारितोषिक, मिळाला.

छापखाना, हिशेब आणि ऑर्गन

आता वडिलांच्या त्या तीन गोष्टींकडे वळू. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते हाती आली आणि कनूथ खिन्न झाले. छपाईच्या नव्या तंत्राने गणिताची सूत्रे ओबडधोबड दिसत होती. तळघरातील छापखाना पाहत वाढलेल्या या माणसाला ते सहन झाले नाही. ग्रंथाचे काम बाजूला ठेवून त्यांनी पाने जुळवणारी 'टेक' ही आज्ञावली स्वतःच लिहायला घेतली. वर्षभरात संपेल असे वाटलेले काम जवळजवळ दहा वर्षे चालले. शेवटी त्यांनी ती सर्वांना मोफत दिली. जगभर गणित आणि भौतिकशास्त्राचे शोधनिबंध तिच्यावर जुळवले जातात. पुढे नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्टहाउस यांनी तिच्यासाठी देवनागरी अक्षरेही घडवली.

हिशेबही सुटला नाही, पण तो होता चुकांचा! 'टेक' लिहिताना झालेली प्रत्येक चूक ते एका वहीत टिपत. १९८९ साली त्यांनी ती यादीच प्रसिद्ध केली. आठशेहून अधिक नोंदी, आणि त्यांचे पंधरा प्रकार पाडलेले. निव्वळ हातचूक वेगळी, विचारातली चूक वेगळी आणि 'अशी वेळ येईल असे वाटलेच नव्हते' ही वेगळी. त्यांच्या पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंट देत. हीच रक्कम का? २५६ म्हणजे १६ × १६. सोळाच्या पटीत मोजले, तर ही संख्या '१००' अशी लिहितात. म्हणून हा त्यांचा 'एक डॉलर'! असा धनादेश मिळालेले कित्येक जण तो बँकेत न भरता चौकटीत लावून भिंतीवर टांगत.

आणि ऑर्गन? १९७० नंतरच्या दशकात कनूथ यांनी आपल्या घरातच ८१२ नळ्यांचा ऑर्गन बसवून घेतला. अडीच मीटर लांबीच्या, दोन्ही टोकांना उघड्या नळीतून किती कंपनांचा स्वर निघेल? ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरा आणि त्याला नळीच्या लांबीच्या दुपटीने भागा. उत्तर येते ६८. बोटभर नळीपासून पुरुषभर उंचीच्या नळीपर्यंत साऱ्यांना दोन हात आणि दोन पाय यांनी बोलते करायचे असते. १९९० च्या पहिल्या दिवसापासून त्यांनी ई-मेल वापरणे सोडले, ते एका कामात सलग मन लागावे म्हणून. कित्येक वर्षे मनात घोळणारी ऑर्गनची एक मोठी रचना त्यांनी पुरी केली. 'फँटेशिया अपोकॅलिप्टिका' हे तिचे नाव. १० जानेवारी २०१८ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ती स्वीडनमधील पिटिओ येथे प्रथम वाजवली गेली.

मग तबला सोडायचा का?

आता त्या विद्यार्थ्याला उत्तर देता येईल. बाळ, कनूथ यांनीही पहिल्या वर्षी बाकी सगळे बाजूला ठेवून अभ्यास केला होता. परीक्षा जवळ आली तर तबल्याचा वेळ कमी कर. घरचे म्हणतात त्यात तेवढे तथ्य आहेच. पण तो कायमचा बंद करू नकोस. तबला वाजला म्हणून प्रोग्रॅम आपोआप येत नाही, हे खरे. तरीही ज्या बोटांना एक मात्रा चुकल्याचे कळते आणि ती पुन्हा पन्नास वेळा घोटण्याचा कंटाळा येत नाही, ती सवय दोन्हीकडे तीच आहे. तबल्याच्या वहीशेजारी आजपासून दुसरी वही ठेव, चुकांची. प्रोग्रॅम का चालला नाही, ते तिच्यात रोज एक ओळ लिही. लाजू नकोस, कनूथ यांनी आपली वही साऱ्या जगाला वाचायला दिली.

करून पाहा

पहिल्या खंडात कनूथ यांनी नोंदवले आहे की, युरोपात फिबोनाची यांच्या नावाने ओळखली जाणारी संख्यामाला भारतातील गोपाळ आणि हेमचंद्र या छंदःशास्त्रज्ञांना त्यांच्या आधीच ठाऊक होती. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ पाच प्रकारे भरता येते, पाच मात्रांची आठ प्रकारे. सहा मात्रांची किती प्रकारे? सगळे प्रकार लिहून काढू नका. ओळीचे शेवटचे अक्षर लघु असेल तर मागे किती मात्रा उरतात, आणि गुरू असेल तर किती, एवढाच विचार करा. उत्तर सापडेल, आणि तुमची पहिली आज्ञावलीही.