तारखेवर गेलेला संपादक

२४ जानेवारी २०२५, शुक्रवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, इमारतीचे छत कोसळले आणि आठ कामगार गेले. त्याच दिवशी राज्याच्या दुसऱ्या टोकाला, तळोजा कारागृहातून ‘विद्रोही’ या मराठी नियतकालिकाचे संपादक सुधीर ढवळे साडेसहा वर्षांनी जामिनावर बाहेर आले. भंडाऱ्यात त्या दिवशी ही दुसरी बातमी वाचायची कोणाची मनःस्थिती नव्हती. पण ढवळ्यांच्या तुरुंगवासाची वाट याच मुलखातून जाते.

जवाहरनगरची निर्माणी साठच्या दशकात, चीनच्या युद्धानंतर उभी राहिली. आत काय बनते हे कामगाराने घरीही बोलायचे नसते आणि संरक्षण उत्पादनात ते समजण्यासारखे आहे. अडचण येते ती अपघात झाल्यावर. अशा वेळी फाटकाशी उभ्या असलेल्या वार्ताहराच्या हाती अधिकारी सांगतील तेवढेच लागते. तालुक्याच्या वार्ताहराचे मानधन नावापुरते, खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर. स्फोट झाला तेव्हा प्रजासत्ताक दिन दोन दिवसांवर होता. म्हणजे शुभेच्छांच्या जाहिराती गोळा करण्याचा ऐन हंगाम. ज्याच्याकडून जाहिरात आणायची त्यालाच प्रश्न विचारायचा, हे किती जणांना जमेल? या तारेवरच्या कसरतीत जे छापून येत नाही, ते छापायला छोटी नियतकालिके लागतात. त्यांना ना जाहिरात, ना कार्यालय, ना वकील. संपादक आत गेला की अंकही आत गेला.

याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत, २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. तीन दिवसांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवाचा दसरा होता आणि लाखो लोक तिथे जमले होते. तरीही मोठ्या वृत्तपत्रांनी या हत्याकांडावर सविस्तर लिहायला जवळपास महिना घेतला. तोवर माहिती फिरत राहिली ती सत्यशोधन पथकांच्या अहवालांतून, पत्रकांतून आणि आंबेडकरी चळवळीच्या छोट्या अंकांतून. पुढे निदर्शने पेटली, तेव्हा तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी त्यांमागे नक्षलवाद्यांचा हात असल्याचा संशय बोलून दाखवला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, म्हणजे रस्त्यावर उतरलेल्या लोकांची तक्रार खोटी नव्हती. पण निदर्शनांवर बसलेला तो शिक्का मात्र पुसला गेला नाही.

नागपूरच्या इंदोऱ्यात वाढलेले ढवळे खैरलांजीविरोधी आंदोलनात पुढे होते. २ जानेवारी २०११ रोजी, वर्ध्यातल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाहून परतताना, रेल्वे स्थानकावर त्यांना अटक झाली. मुंबईच्या घरातून पुस्तके आणि संगणक जप्त झाला. आरोप बंदी घातलेल्या माओवादी पक्षाशी संबंधांचा. कलमे राजद्रोहाची आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याची, ज्याला सगळे यूएपीए म्हणतात. खटला गोंदियाला चालला. गोंदिया १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता, त्यामुळे इथल्या जुन्या माणसांना तो बाहेरचा वाटत नाही.

मे २०१४ मध्ये गोंदियाच्या सत्र न्यायालयाने ढवळे आणि त्यांच्यासह खटल्यातल्या इतर आरोपींची निर्दोष मुक्तता केली. तोवर चाळीस महिने गेले होते. या खटल्यात पुस्तकांचा जो बाऊ झाला, त्याबद्दल सर्वोच्च न्यायालय आधीच बोलले होते. ढवळ्यांच्या अटकेनंतर साडेतीन महिन्यांनी, १५ एप्रिल २०११ ला, अशाच आरोपांखाली छत्तीसगडमध्ये शिक्षा झालेल्या डॉ. बिनायक सेन यांना जामीन देताना खंडपीठाने विचारले होते की घरात गांधींचे आत्मचरित्र सापडले म्हणून कोणी गांधीवादी ठरतो का. गोंदियात हा प्रश्न पोचायला तीन वर्षे लागली.

दुसरी अटक ६ जून २०१८ ची, एल्गार परिषद प्रकरणातली, तीही यूएपीएखाली. ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर झालेल्या या परिषदेच्या आयोजकांत ढवळे होते. त्यांच्याबरोबर नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग, प्रा. शोमा सेन, महेश राऊत आणि रोना विल्सन यांनाही पकडले. दोन्ही अटकांच्या वेळी राज्यात वेगवेगळ्या पक्षांची सरकारे होती. लोक हा वाद ‘तुमचे सरकार, आमचे सरकार’ असा मांडतात म्हणून हे नोंदवले पाहिजे. २०११ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादी, २०१८ मध्ये भाजप-शिवसेना. कायदा तोच, रीतही तीच.

या रीतीचे मर्म यूएपीएच्या कलम ४३ ड मध्ये आहे. एरवी गंभीर गुन्ह्यात नव्वद दिवसांत आरोपपत्र आले नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. यूएपीएत ही मुदत एकशे ऐंशी दिवसांपर्यंत वाढवता येते. त्यातही २००८ च्या दुरुस्तीने आलेले उपकलम ५ असे, की आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर न्यायाधीशाला जामीन देताच येत नाही. प्रथमदर्शनी म्हणजे पोलिसांचे कागद. उलटतपासणी पुढे कधीतरी. त्या ‘कधीतरी’पर्यंत माणूस तारखेवर जात राहतो. मुंबई उच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२५ रोजी ढवळे आणि विल्सन यांना लांबलेल्या कैदेच्या कारणावर जामीन दिला, तेव्हा साडेसहा वर्षे उलटूनही आरोप निश्चित झालेले नव्हते आणि साक्षीदारांची यादी तीनशेच्या वर होती. आरोप खरे की खोटे हे खटला चालल्यावर ठरेल. ढवळ्यांना ते मान्य नाहीत. माझा मुद्दा त्याआधीचा आहे.

तो असा की परक्या सरकारने निदान निकाल लवकर दिला. लोकमान्य टिळकांना २४ जून १९०८ रोजी पकडले आणि २२ जुलैच्या रात्री न्या. दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा ठोठावलीसुद्धा. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांना त्याच जुलैत एकोणीस महिने सांगितले. (हे इंग्रजांचे कौतुक नव्हे. ज्युरीतले सात गोरे विरुद्ध दोन हिंदी हे गणित कसे जमले ते सर्वांना ठाऊक आहे.) शिक्षेला आकडा होता, त्यामुळे तुरुंगवास मोजता येत होता. मंडालेत टिळकांना शाई मिळत नसे. पानांवर आकडे घातलेली बांधीव वही आणि शिसपेन्सिल मिळे, म्हणजे पान फाडून बाहेर पाठवता येऊ नये. पण त्याच पानांवर ‘गीतारहस्य’ लिहून झाले आणि इकडे ‘केसरी’ निघत राहिला, कारण त्यामागे संस्था होती. ‘काळ’ला ते भाग्य नव्हते. परांजपे सुटून आले, पण १९१० च्या छापखाना कायद्याखाली दहा हजारांचा जामीन मागितला गेला आणि पत्र बंद पडले. छोट्या पत्राला बंदीहुकूम लागत नाही. रक्कम किंवा वेळ, दोन्हींतले एक पुरते.

आज हे जगभर चालते. पत्रकारांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या न्यूयॉर्कच्या समितीच्या मोजणीनुसार १ डिसेंबर २०२४ रोजी जगात ३६१ पत्रकार तुरुंगात होते. चीन ५०, इस्रायल ४३ आणि तिसऱ्या क्रमांकावर ३५ पत्रकार कोंडणारा म्यानमार. ज्या देशात टिळक शिक्षा भोगत होते तोच. लष्करी राजवटीने तिथे २०२१ पासून स्वतंत्र वृत्तसंस्थांचे परवानेच काढून घेतले. आपल्याकडे छोट्या नियतकालिकाची नोंदणी शाबूत राहते, संपादक मात्र तारखेवर जात राहतो.

राजद्रोहाचे कलम १२४ अ सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी स्थगित केले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते त्या नावाने नाही, मात्र कलम १५२ त्याच जागी येऊन बसले आहे. यूएपीएच्या जामिनाच्या अटी होत्या तशाच आहेत. आणि जो निर्दोष सुटतो त्याच्या गेलेल्या वर्षांचे काय? विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये, म्हणजे ढवळ्यांच्या दुसऱ्या अटकेनंतर तीन महिन्यांच्या आत, २७७ वा अहवाल दिला. चुकीच्या खटल्यात भरडलेल्या माणसाला भरपाई मागण्याचा कायदेशीर हक्क द्यावा आणि त्यासाठी विशेष न्यायालये नेमावीत, अशी त्यात शिफारस आहे. तसा कायदा झालेला नाही. गोंदियाच्या निकालानंतर ढवळ्यांना स्वातंत्र्य परत मिळाले, चाळीस महिन्यांचा हिशेब मागायला मात्र खिडकीच नाही.