समुद्रकाठचा आठवडा : किंमत किती, बोजा किती?

वार्षिक परीक्षा संपत आल्या की घरात सुट्टीचा विषय निघतो. मुलांना समुद्र हवा असतो, आईला चार दिवस चुलीपासून सुटका हवी असते आणि वडील हॉटेलचे दर पाहून गप्प होतात. अशा वेळी नात्यातले कोणी प्रस्ताव मांडते. आखातातून कायमचे परतलेले खालू म्हणतात, "गोव्याच्या रिसॉर्टची आमची मेंबरशिप पडून आहे. मुलं परदेशात, आमचे गुडघे दुखतात. घेतली तेव्हा बरीच महाग होती, तुम्ही घरचे म्हणून दीड लाखात घ्या."

सौदा स्वस्त वाटतो. माणूसही विश्वासाचा असतो. पण दीड लाख म्हणजे कुणाच्या घरी मुलीच्या कॉलेजची फी, तर कुणाच्या घरी अम्मीच्या उमऱ्यासाठी साठवलेली रक्कम. म्हणून 'हो' म्हणण्यापूर्वी ही वस्तू नेमकी काय आहे ते समजून घेतले पाहिजे.

घर नव्हे, वापराचा हक्क

टाइमशेअर म्हणजे दरवर्षी ठरावीक दिवस रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क. आपल्या देशात तो बहुतेक वेळा सदस्यत्वाच्या रूपात विकला जातो. जमीन, भिंती, छप्पर कंपनीचेच राहते. अनेक सदस्यत्वे २५ वर्षांची असतात. मुदत संपली की हातात काही उरत नाही. म्हणून याला गुंतवणूक म्हणणे चूक आहे. ती आगाऊ दिलेली सहलीची रक्कम आहे.

जुने सदस्यत्व घेताना आपल्याला मिळतात ती फक्त उरलेली वर्षे. सोबत येते दरवर्षीचे देखभाल शुल्क. सहलीला जा अथवा जाऊ नका, ते भरावेच लागते. शुल्क थकले तर बुकिंग मिळत नाही. विकणाऱ्याला बरेचदा याच शुल्कातून सुटायचे असते, आणि त्यात गैर काही नाही. फक्त तो बोजा आता आपल्या खांद्यावर येणार, हे आपल्याला माहीत हवे.

कागद घेऊन हिशेब करू

पुढील आकडे उदाहरणादाखल आहेत. आपले आकडे घालून हाच हिशेब प्रत्येकाने करावा.

समजा, १३ वर्षे शिल्लक आहेत. किंमत १,५०,००० रुपये आणि नाव बदलण्याची फी २५,००० रुपये. म्हणजे सुरुवातीलाच १,७५,००० गेले. वार्षिक शुल्क जीएसटीसह १८,००० रुपये असून ते दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढते असे धरू. तेराव्या वर्षी ते ३६,००० च्या वर जाते आणि तेरा वर्षांची बेरीज जवळजवळ ३,४०,००० होते. एकूण खर्च झाला ५,१५,००० रुपये. दरवर्षी सहा रात्री राहिलो तर एका रात्रीला साधारण ६,६०० रुपये पडले. जेवण आणि प्रवास वेगळा.

आता प्रामाणिकपणे विचारू : आपण तेराही वर्षे जाणार का? मुलगा दहावीला, मग मुलगी बारावीला, एखाद्या वर्षी लग्न, एखाद्या वर्षी आजारपण. आठच वर्षे जाता आले तर तीच रात्र १०,७०० रुपयांच्या पुढे जाते. काही योजनांत न वापरलेले दिवस पुढे नेता येतात, पण किती आणि कुठवर, ते करारात पाहावे. मग त्याच किनाऱ्यावर आपल्या तारखांना चांगली खोली कितीला मिळते ते विचारून तुलना करावी. हॉटेलचे दरही वाढत जातात, हे खरे. पण हॉटेलात न गेलेल्या वर्षाचे पैसे आपल्या खिशातच राहतात.

तारखा आणि आपले सण

अनेक योजनांत वर्षाचे गर्दीनुसार हंगाम पाडलेले असतात. स्वस्तात मिळणारे सदस्यत्व कमी गर्दीच्या हंगामाचे असू शकते. कोकण-गोव्यात तो पावसाळा. तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि पाण्यात उतरणे धोक्याचे असते. शाळेची सुट्टी मात्र मे आणि दिवाळीत.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट आहे. इस्लामी वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. २०२५ मध्ये आपल्याकडे बकरी ईद ७ जूनला होती. २०२६ मध्ये ती मेच्या अखेरीस, २०२७ मध्ये मेच्या मध्यावर आणि २०२८ मध्ये मेच्या पहिल्या आठवड्यात येते. म्हणजे ज्याला मेमधला ठरलेला आठवडाच मिळतो, त्याची एखादी सहल थेट कुर्बानीच्या दिवसांत येऊ शकते. तारीख बदलता येते का, त्यासाठी किती महिने आधी सांगावे लागते, हे आधी विचारावे.

खोलीत किती माणसे चालतात हेही पाहावे. लहान खोलीत बरेचदा दोन मोठे आणि दोन मुले एवढीच मुभा असते. दादी आणि फुफूला सोबत न्यायचे तर दुसरी खोली घ्यावी लागेल. हलाल जेवणाची सोय आहे का, नसेल तर खोलीत स्वयंपाकाची परवानगी आहे का, हेही विचारावे.

दीन काय सांगतो?

२००७ मध्ये मलेशियातील पुत्रजाया येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनात टाइमशेअरचा विचार झाला. वास्तूतील हिस्सा किंवा तिच्या वापराचा हक्क, खरेदी अथवा इजाऱ्याच्या शरई अटी पाळून घेता येतो, असा तेथील निर्णयाचा आशय आहे. म्हणजे प्रकार मुळातच नाजायज नाही. प्रश्न अटींचा आहे.

ज्या सौद्यात वस्तू, मुदत किंवा मोबदला संदिग्ध असतो, त्यात 'गरर' येतो आणि अशा सौद्याला पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांनी मनाई केली आहे. 'तारखा मिळतील, बघू' हे उत्तर त्या दृष्टीने पुरेसे नाही. विकणाऱ्याचे व्याजासकटचे हप्ते बाकी असतील, तर ते आपल्या नावावर घेणे म्हणजे व्याजात शिरणे. क्रेडिट कार्डावर व्याजाचे हप्ते पाडून घेणेही तसेच. शंका असल्यास मूळ करार घेऊनच जाणकार आलिमांकडे जावे. नुसते तोंडी वर्णन ऐकून कोणी नीट उत्तर देऊ शकणार नाही.

नाते असले तरी लिखापढी

सूरह बकरातील २८२ वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यास आणि साक्षीदार घेण्यास सांगते. तिथे नातेवाईकांसाठी सूट दिलेली नाही. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे, त्यामुळे नाते टिकते.

पैसे देण्यापूर्वी सदस्याला सोबत घेऊन कंपनीकडून लेखी घ्यावे : किती वर्षे उरली, थकबाकी किती, नाव बदलता येते का, फी किती, आणि मूळ सदस्याच्या सगळ्या सवलती आपल्याला मिळतील का. काही योजनांत दुसऱ्या मालकाला त्यातल्या काही मिळत नाहीत. पूर्ण रक्कम नाव बदलल्यावरच द्यावी. आपल्या पश्चात शुल्काचे काय, हेही विचारावे, म्हणजे वारसांवर अचानक ओझे येणार नाही.

उलट बाजूची फसवणूकही चालते. 'तुमच्या मेंबरशिपला गिऱ्हाईक मिळालंय, आधी प्रोसेसिंग फी भरा,' असा फोन आला तर एक रुपयाही पाठवू नये.

कंपनीच्या सेवेत खोट असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण खालूंशी झालेला घरगुती व्यवहार तिथे बसवणे अवघड. म्हणून कागद आधीच पक्के हवेत.

दरवर्षी न चुकता जाणारे, तारखा आधी ठरवू शकणारे आणि रोख रक्कम हाताशी असलेले कुटुंब असेल, तर जुने सदस्यत्व त्यांना खरोखर परवडू शकते. बाकीच्यांनी यंदा त्याच किनाऱ्यावर चार दिवस खोली भाड्याने घेऊन पाहावी. पुढच्या वर्षी मुले पुन्हा तिथेच जायचे म्हणतात का, ते कळेल. तोवर खालूंना अदबीने सांगता येईल, "घरात मशविरा करतो, कागद पाहतो, मग सांगतो." हिशेब मांडूनही मन डळमळत असेल तर इस्तिखारा करावा. आणि उत्तर नकाराचे आले तर ते लवकर, स्पष्टपणे आणि चहाच्या कपासोबत द्यावे, म्हणजे खालूंना दुसरे गिऱ्हाईक शोधायला वेळ मिळेल.