कुरळे केस : दोष नव्हे, निगा हवी
कुरळ्या केसांवरून मुलींना घरीदारी नावे ठेवली जातात. मग केस सरळ करण्यासाठी तापते यंत्र फिरते आणि केस राठ होऊन तुटतात. भगिनींनो, आम्ही म्हणतो, दोष केसांत नाही. वळणांमुळे टाळूचे तेल टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून ते कोरडे पडतात. अंगाचा साबण त्यांना लावू नये. न्हाण्याआधी खोबरेल लावावे. त्याने केसांतील प्रथिनांची झीज कमी होते, असे २००३ च्या संशोधनात दिसले. आठवड्यातून एकदा-दोनदा टाळूला शाम्पू, टोकांना कंडिशनर लावावा. कंडिशनर असतानाच रुंद दातांच्या फणीने टोकांकडून वर गुंता सोडवावा. मग धुऊन सुती कापडाने टिपावे. दुभंगलेली टोके पुन्हा सांधत नाहीत, ती कापावीत. एवढी निगा आपण घरच्या घरी राखू शकतो.