नळ पोहोचले, निगराणीचं काय?

2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात ‘जीबीएस’ हा शब्द घरोघरी पोहोचला. गियाँ-बारे सिंड्रोम हा मज्जातंतूंचा आजार. हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. एरवी तुरळक आढळणाऱ्या या आजाराचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण काही आठवड्यांत नोंदले गेले. नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत त्यांचं प्रमाण मोठं होतं. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत दूषित अन्नपाण्यातून पसरणारे कॅम्पायलोबॅक्टर जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. नांदेड आणि किरकटवाडी 2021 मध्येच महापालिकेत आली होती. तरी तिथे विहिरीचं पाणी क्लोरिन मिसळून सोडलं जात होतं.

घरात नळ होता आणि नळाला पाणीही येत होतं. ते पाणी रोज निर्धोक आहे ना, हे पाहणारी साखळी मात्र कच्ची होती. महाराष्ट्रातल्या आणि देशातल्या सरकारी पाणीपुरवठ्याचा गेल्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडला, तर हीच उणीव पुन्हापुन्हा समोर येते. बांधकामाला निधी मिळतो, देखभालीची जबाबदारी ठरतच नाही.

सुरुवात सत्तरच्या दशकापासून करता येईल. 1972 च्या दुष्काळानंतर गावोगावी विंधनविहिरी खोदल्या गेल्या, त्यांवर ओतीव लोखंडाचे हातपंप बसले. एका कुटुंबापुरते बनवलेले हे पंप अख्खं गाव दिवसभर हापसू लागल्यावर मोडू लागले. युनिसेफच्या पाहणीत तर चारातले जवळपास तीन पंप बंद निघाले. उत्तर सापडलं ते सोलापुरात. तिथल्या मिशनच्या कार्यशाळेत घडलेल्या दणकट पंपाच्या धर्तीवर पुढे ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि तो आशिया-आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेला. यंत्र सुधारलं, ते दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न मात्र उरलाच.

2003 साली जागतिक बँकेच्या साहाय्याने आलेल्या ‘जलस्वराज्य’ प्रकल्पाने या प्रश्नाला वेगळ्या दिशेने हात घातला. गावाने मागणी करायची, लोकवर्गणी भरायची, महिला ग्रामसभेत चर्चा करायची आणि समितीने योजना राबवून पुढे चालवायची. जिथे समिती जागी राहिली तिथे योजना टिकल्या. प्रकल्पाचे कर्मचारी निघून गेल्यावर जिथे बैठकाच थांबल्या, तिथे त्या ढेपाळल्या.

देशपातळीवरचं चित्र भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2018 च्या अहवालात मांडलं. 2012 ते 2017 या काळात राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रमावर 81,168 कोटी रुपये खर्च झाले. माणशी रोज 55 लिटर पाणी मिळणाऱ्या वस्त्यांचं प्रमाण मात्र जेमतेम साडेपाच टक्क्यांनी वाढलं. 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनला ही पार्श्वभूमी आहे. तेव्हा देशातल्या 3 कोटी 23 लाख ग्रामीण घरांत, म्हणजे सहातल्या एका घरात, नळ होता. आज ही संख्या 15 कोटींच्या पुढे गेली आहे. डोक्यावरचा हंडा उतरलेल्या बाईला विचारलं, तर या बदलाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

आता कसोटी रोजच्या कामाची आहे, आणि ते काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाच्या हातात असतं. गावाची टाकी 50 हजार लिटरची असेल तर 33 टक्के क्लोरिन असलेली ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर साधारण 250 ग्रॅम लागते. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग आणखी पाणी घालून ढवळायची, चुना तळाला बसू द्यायचा आणि वरचं निवळ टाकीत ओतायचं. निदान अर्धा तास थांबून मग पाणी सोडायचं. शेवटच्या घरातल्या नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडिन द्रावणाचे, थेंब टाकायचे. पिवळसर रंग आला तर क्लोरिन टोकापर्यंत पोहोचला. तिथे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन उरायला हवा.

यातली प्रत्येक पायरी निसटू शकते. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की पावडरमधला क्लोरिन उडून जातो. तो 20 टक्क्यांच्या खाली गेला तर ती पावडर कुचकामी. पाणी बंद असताना जलवाहिनीतला दाब उतरतो आणि गटारालगतचा फुटका जोड बाहेरची घाण आत ओढतो. म्हणून टाकीपाशी चोख ठरलेलं पाणी गल्लीच्या टोकाला दूषित निघू शकतं. इतकी जोखमीची जबाबदारी पुष्कळ गावांत अशा एकाच माणसावर असते, जो व्हॉल्व्ह फिरवतो, पाणीपट्टी गोळा करतो आणि तुटपुंज्या मानधनावर राबतो.

राज्यात त्यावर नजर ठेवणारी एक सोपी व्यवस्था आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर, असं वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. विहिरीभोवतीचा उकिरडा, गळका व्हॉल्व्ह, टीसीएलचा साठा हे सगळं त्यात तपासलं जातं. लाल कार्ड मिळालेल्या गावाने दुरुस्ती किती दिवसांत केली, याचा पाठपुरावा मात्र तितक्याच नेटाने व्हायला हवा.

क्लोरिनने न सुटणारं दुखणंही आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडं आखडतात. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. उकळून फ्लोराइड जात नाही, क्षारही जात नाहीत. अशा गावांना दूरच्या धरणातून पाणी आणणाऱ्या प्रादेशिक योजनाच तारतात, आणि नेमक्या त्याच चालवायला महाग पडतात. वीजबिल थकलं की पंप थांबतो आणि गाव पुन्हा त्याच विहिरीकडे वळतं.

पैशाचा मार्ग सापडू शकतो, हे कऱ्हाडजवळच्या मलकापूरने दाखवलं. तिथे नळांना मीटर बसले, वापराप्रमाणे टप्प्यांचे दर ठरले आणि पाणी चोवीस तास मिळू लागलं. जलवाहिनीत सतत दाब राहिल्याने बाहेरची घाण आत शिरण्याचा धोकाही घटला.

2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जलजीवनची मुदत 2028 पर्यंत वाढवताना देखभाल-दुरुस्तीवर भर देण्याचं जाहीर झालं. ही दिशा बरोबर आहे. जिल्ह्याच्या आढावा बैठकीत आता किती जोडण्या झाल्या याच्याबरोबरीने महिन्यातले किती दिवस शेवटच्या नळाला क्लोरिन आढळला, किती नमुने दूषित निघाले आणि त्यावर किती दिवसांत कार्यवाही झाली, हे विचारलं गेलं पाहिजे. रोजच्या ओटी चाचणीची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. पाणी तपासण्याच्या संचाचं प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्या महिलांना ते संच आणि त्यातली रसायनं वेळेवर मिळावीत. जलसुरक्षकाचं मानधन आणि टीसीएलची खरेदी यांची अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद व्हावी. यातलं बरंचसं काम येत्या पावसाळ्याआधीच्या सर्वेक्षणापर्यंत गावपातळीवर उभं राहू शकतं.